राजकुमारी ५० तास कळा देत होती, तिच्यासाठी बोलावलेला डॉक्टर मात्र शेजारच्याच खोलीत बसून राहिला

५ नोव्हेंबर १८१७.

शाळेत सनावळी पाठ केलेल्यांना ही तारीख आठवत असेल. याच दिवशी पुण्याजवळ खडकीला बापू गोखल्यांची फौज आणि इंग्रज समोरासमोर आले आणि पेशवाईच्या शेवटाला सुरुवात झाली.

पण त्याच दिवशी, खडकीपासून हजारो मैलांवर, इंग्लंडच्या गादीची वारसदार एका खोलीत कळा देत होती. वय अवघं २१. पहिलटकरीण. कळा सुरू होऊन दोन दिवस होत आले होते. दाराबाहेर देशाचे मंत्री बसले होते, खोलीत नावाजलेला प्रसूतितज्ज्ञ होता आणि शेजारच्या खोलीत खास बोलावून घेतलेला आणखी एक डॉक्टर तयार होता.

तरीही दुसरा दिवस उजाडायच्या आत आई आणि बाळ दोघंही गेले. तीन महिन्यांनी त्या प्रसूतितज्ज्ञानेही स्वतःला संपवलं.

ही गोष्ट आहे राजकुमारी शार्लटची. आणि बाळंतपणात कुठवर थांबायचं, या प्रश्नाचीसुद्धा.

भांडणाऱ्या घरात जन्मलेली लाडकी राजकुमारी

शार्लटचा जन्म ७ जानेवारी १७९६ चा, लंडनमधल्या कार्लटन हाऊसमधला. वडील युवराज जॉर्ज, म्हणजे पुढचे राजे चौथे जॉर्ज. आई जर्मनीतल्या ब्रन्सविकची कॅरोलाइन. युवराज कर्जात गळ्यापर्यंत बुडाले होते आणि लग्न केलं तर कर्ज फिटेल, या हिशोबाने हा संसार मांडला गेला होता. नवरा-बायकोचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. शार्लट जन्मली आणि थोड्याच दिवसांत दोघं वेगळे झाले.

पोरीचं बालपण गव्हर्नेसच्या हाताखाली गेलं. आईला कधी भेटायचं, किती वेळ भेटायचं, हे सगळं वडील ठरवायचे.

आता विषय असा होता की आजोबा तिसरे जॉर्ज यांना तब्बल १५ मुलं झाली होती. त्यातली १२ हयात होती. पण या एवढ्या मोठ्या कुटुंबात कायदेशीर नातवंड एकच, शार्लट. आजोबांची मानसिक प्रकृती ढासळली तेव्हा १८११ पासून वडील रीजंट म्हणून कारभार बघायला लागले. त्यांच्यानंतर गादी हिचीच.

उधळ्या वडिलांवर लोक वैतागलेले होते. त्यामुळे सगळ्यांची आशा या पोरीवर होती.

पोरगी होतीही तशीच. वडिलांनी नेदरलँड्सच्या ऑरेंज घराण्यातल्या राजपुत्राशी तिचं लग्न ठरवलं. लग्नानंतर देश सोडावा लागेल हे दिसल्यावर तिने ते १८१४ मध्ये मोडून टाकलं. वडील भडकले आणि तिच्याभोवतीची माणसं बदलायला निघाले. तेव्हा ही भावी राणी एकटी घराबाहेर पळाली, रस्त्यावरून भाड्याची घोडागाडी केली आणि थेट आईचं घर गाठलं. दुसऱ्या दिवशी समजूत काढून तिला परत आणलं गेलं. पण अख्ख्या लंडनला ही गोष्ट कळली आणि लोकांना ती आणखीच आवडायला लागली.

शेवटी नवरा तिने स्वतःच्या पसंतीचा केला. जर्मनीतल्या छोट्याशा सॅक्स-कोबुर्ग घराण्यातला लिओपोल्ड. खिशाने रिकामा, पण दिसायला देखणा आणि स्वभावाने शांत. २ मे १८१६ ला लग्न झालं आणि दोघं सरे परगण्यात क्लेअरमाँट नावाच्या बंगल्यात राहायला गेले. शार्लटच्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणायचे तर एवढेच, जेमतेम दीड वर्ष.

तारीख उलटली, कळा सुरू झाल्या

१८१७ च्या वसंतात शार्लट गरोदर असल्याची बातमी आली आणि देशात उत्साह पसरला. मुलगा होणार की मुलगी, यावर पैजा लागल्या.

बाळंतपणाची जबाबदारी सर रिचर्ड क्रॉफ्टकडे दिली गेली. वय ५५. लंडनच्या बड्या घरांतली बाळंतपणं करण्यात त्याचं मोठं नाव होतं. क्रॉफ्टने त्या काळच्या समजुतीप्रमाणे तिचा आहार कमी केला आणि अधूनमधून शरीरातलं रक्तही काढलं. वजन वाढू नये आणि बाळ फार मोठं होऊ नये, हा त्यामागचा विचार. आज आपल्याला हे उफराटं वाटेल, पण तेव्हा यालाच चांगली काळजी म्हणायचे.

१९ ऑक्टोबर ही अपेक्षित तारीख होती. ती उलटली. ऑक्टोबर संपला तरी काही हालचाल नाही.

अखेर सोमवारी, ३ नोव्हेंबरला संध्याकाळी सातच्या सुमारास पाणी गेलं आणि कळा सुरू झाल्या. राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे साक्षीदार म्हणून मंत्री आणि धर्मगुरू यांना निरोप गेले. ते येऊन शेजारच्या दालनात बसले. शार्लटने आपण ओरडणार नाही, असा शब्द दिला होता आणि तिने तो पाळला.

कळा येत होत्या, पण आठ-दहा मिनिटांच्या अंतराने आणि कमी जोराच्या. गर्भपिशवीचं तोंड अगदी सावकाश उघडत होतं. रात्र गेली, मंगळवारचा पूर्ण दिवस गेला. क्रॉफ्टने तिला खायला दिलं नाही.

इथपर्यंत क्रॉफ्टचं फार चुकलं असं म्हणता येत नाही. पहिल्या बाळंतपणात सुरुवातीच्या कळा लांबतात, हे तेव्हाही माहीत होतं आणि आजही तसंच आहे. पण कळांना जोर नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. गरज पडली तर हाताशी असावा म्हणून त्याने मंगळवारीच आणखी एका डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहून ठेवली.

मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे २६ तासांनंतर, गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलं. आता बाळ खाली सरकायला हवं होतं.

ते सरकत होतं, पण नावापुरतं.

दार बंदच राहिलं

चिठ्ठी गेली ती डॉ. जॉन सिम्सला. वय ६८. वैद्यकीपेक्षा वनस्पतिशास्त्रातलं त्याचं नाव मोठं. कर्टिसच्या बोटॅनिकल मॅगझिनचा तो संपादक होता. बुधवारी, ५ नोव्हेंबरला पहाटे तो क्लेअरमाँटला पोहोचला. शार्लटचे नेहमीचे डॉक्टर मॅथ्यू बेली आधीपासून तिथे होतेच.

बंगल्यात आणखीही एक डॉक्टर होता. लिओपोल्डचा खासगी डॉक्टर क्रिश्चन स्टॉकमार. पण तो पडला परदेशी. काही बरंवाईट झालं तर सगळं आपल्यावर शेकेल, हे ओळखून त्याने आधीपासूनच या बाळंतपणात हात घालायचा नाही असं ठरवलं होतं.

मग सिम्सने काय केलं? तो शेजारच्या खोलीत बसला. क्रॉफ्ट येऊन परिस्थिती सांगायचा, सिम्स ती ऐकायचा आणि निसर्गाला त्याचं काम करू द्यावं यावर दोघांचं एकमत व्हायचं. बाळ होईपर्यंत सिम्सला शार्लटच्या खोलीत नेलंच गेलं नाही. नवा डॉक्टर बघून ती घाबरेल, असं त्यामागचं कारण होतं.

सल्ला घेतला गेला, पण ज्याला सल्ला विचारला त्याने पेशंटला पाहिलंच नाही. त्याच्यापर्यंत पोहोचत होतं ते क्रॉफ्टच्या नजरेतून दिसणारं चित्र.

बुधवारी दुपारी गर्भजलाचा रंग गडद हिरवट दिसायला लागला. पोटातल्या बाळाने शी केली की असं होतं, आणि अशा लांबलेल्या बाळंतपणात तो बाळ त्रासात असल्याचा इशारा असतो. चिमटा लावून बाळ बाहेर काढायचा पर्याय तेव्हा होता. सिम्सने चिमटे सोबत आणलेही होते.

ते वापरले गेले नाहीत.

रात्री नऊ वाजता, कळा सुरू झाल्यापासून ५० तासांनी बाळ बाहेर आलं. मुलगा होता. नऊ पौंड वजनाचा, म्हणजे चार किलोच्या आसपास. पण जीव नव्हता. फुफ्फुसात हवा फुंकून झाली, गरम पाण्यात ठेवून झालं, अंग चोळून झालं. उपयोग झाला नाही.

त्यानंतर वार अडकली. क्रॉफ्टने ती हाताने काढली. शार्लटने बाळ गेल्याची बातमी शांतपणे ऐकली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिने थोडं काही खाल्लं. आता ती धोक्याबाहेर आहे असं सगळ्यांना वाटलं. दोन रात्री जागा असलेला लिओपोल्ड झोपेचं औषध घेऊन आडवा झाला.

मध्यरात्रीनंतर तिला उलट्या सुरू झाल्या. कानात आवाज यायला लागले, पोट दुखायला लागलं, अंग गार पडलं, श्वास लागला. स्टॉकमार आता धावत आला. लिओपोल्डला उठवायचा प्रयत्न झाला, पण औषधाच्या गुंगीत त्याला पटकन जाग येईना. ६ नोव्हेंबरच्या पहाटे अडीचच्या सुमारास शार्लट गेली.

नेमकी कशाने गेली, यावर डॉक्टर मंडळी आजही चर्चा करतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे त्यातलं सगळ्यात जास्त मानलं जाणारं कारण.

काळं कापड संपलं, पाळण्यांची शर्यत लागली

इंग्लंड अक्षरशः ठप्प झालं. न्यायालयं, व्यापारपेठा बंद झाल्या. सुतकासाठी लोकांनी इतकं काळं कापड घेतलं की दुकानांतला साठा संपला. १९ नोव्हेंबरला विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये तिला दफन केलं गेलं. बाळाला तिच्या पायाशी ठेवलं.

इकडे राजघराण्यात वेगळाच प्रश्न उभा राहिला. एकुलतं एक कायदेशीर नातवंड गेलं होतं आणि राजाची सगळी मुलं चाळिशी गाठलेली. मग तिच्या काकांची लग्नासाठी घाई सुरू झाली. त्यातल्या ड्यूक ऑफ केंटने १८१८ मध्ये लिओपोल्डच्याच विधवा बहिणीशी लग्न केलं. २४ मे १८१९ ला त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं व्हिक्टोरिया.

या बाळंतपणाला हजर होती शार्लट फॉन सीबोल्ड. प्रसूतिशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेली जर्मन स्त्री. तीन महिन्यांनी जर्मनीत तिनेच आणखी एका बाळाला जगात आणलं. तो होता व्हिक्टोरियाचा पुढचा नवरा, प्रिन्स अल्बर्ट.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ही व्हिक्टोरिया राणी झाली, १८७७ पासून हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवली गेली आणि मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनला तिचं नाव लागलं. आज ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, पण जुन्या मुंबईकरांच्या तोंडातून व्हीटी काही जात नाही. क्लेअरमाँटमधल्या त्या रात्री वेगळं काही घडलं असतं, तर त्या स्टेशनवर कदाचित शार्लटचं नाव लागलं असतं.

क्रॉफ्टचं काय झालं?

रीजंटने क्रॉफ्टला दोष दिला नाही, उलट त्याचे आभार मानणारा निरोप पाठवला. लोकांनी मात्र त्याला सोडलं नाही. वर्तमानपत्रांपासून पत्रकांपर्यंत सगळीकडे एकच सवाल होता, चिमटा का लावला नाही?

क्रॉफ्ट आतून मोडला. १३ फेब्रुवारी १८१८ ला तो दुसऱ्या एका बाईच्या बाळंतपणासाठी तिच्या घरी थांबला होता. तेही बाळंतपण रेंगाळलं होतं. त्याच घरात त्याने पिस्तुलाने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

पुढे १९५१ मध्ये ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ सर इअर्डली हॉलंड यांनी या सगळ्या प्रकरणाचा बारकाईने अभ्यास करून लेख लिहिला. आई, बाळ आणि डॉक्टर असे तीन जीव गेले म्हणून त्यांनी त्याला तिहेरी शोकांतिका म्हटलं.

मग नेमकं चुकलं कुठे?

क्रॉफ्ट अडाणी नव्हता आणि निष्काळजीही नव्हता. तो ५० तास तिच्याजवळ होता. तो चालला होता आपल्या सासऱ्यांच्या, डॉ. थॉमस डेन्मन यांच्या शिकवणीवर.

डेन्मन हे त्या काळातलं प्रसूतिशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. चिमटे उगाच आणि घाईने लावल्यामुळे बायका जखमी व्हायच्या. जंतुसंसर्ग रोखायचं ज्ञान नव्हतं, भूल नव्हती, सिझेरियन म्हणजे आईसाठी जवळजवळ मृत्यूच. म्हणून डेन्मन यांनी शिकवलं की शक्यतो थांबा, बाळाचं डोकं खाली येऊन सहा तास अडून राहिल्याशिवाय चिमट्याला हात लावू नका. या शिकवणीने कित्येक जीव वाचले असणार.

पण त्याच डेन्मन यांनी आणखीही एक गोष्ट लिहून ठेवली होती. हत्यारांचा तिटकारा आहे म्हणून हातात असलेली मदत द्यायला फार उशीर करू नका.

क्रॉफ्टने पहिला भाग पाळला आणि दुसरा मागे पडला. थांबण्याला शेवटची वेळ ठरवलेली नव्हती. काय दिसलं की थांबणं संपवायचं, हेही ठरवलेलं नव्हतं. पाणी हिरवं झालं तेव्हासुद्धा थांबणं चालूच राहिलं आणि दुसरा डॉक्टर दाराबाहेरच राहिला.

ही उणीव भरून निघायला पुढची दीडशे वर्षं लागली. १९५० च्या दशकात अमेरिकेत इमॅन्युएल फ्रीडमन यांनी बाळंतपणाची प्रगती आलेखावर मांडली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत, आजच्या झिंबाब्वेमध्ये, ह्यू फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आलेखावर दोन रेषा ओढल्या. पहिली ओलांडली की सावध व्हा, दुसरी ओलांडली की काहीतरी करा. दूरच्या दवाखान्यातल्या सुईणीलाही बाळंतिणीला मोठ्या रुग्णालयात कधी हलवायचं ते कळावं, हा हेतू. हाच तो पार्टोग्राफ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतच्या सुरुवातीच्या काळाला ठरावीक मुदत नाही. तो बाईगणिक वेगळा असतो. तोंड पूर्ण उघडल्यावर मात्र पहिलटकरणीचं बाळ साधारण तीन तासांत होतं.

शार्लटच्या बाबतीत या टप्प्याला २४ तास लागले.

आणि आपल्या घरात अशी वेळ आली तर?

सुरुवातीच्या कळा मंद आहेत, अंतर जास्त आहे, बाळ नेहमीसारखं हलतंय, पाणी गेलेलं नाही आणि बाई खातपीत, बोलत, फिरत आहे. अशा वेळी घरी थांबणं बहुतेकदा ठीक असतं, डॉक्टरांनी आधीच काही वेगळं सांगितलं नसेल तर. विश्रांती घ्यावी, पाणी प्यावं, हलकं खावं.

पण काही गोष्टी दिसल्या तर कळा कितीही मंद असोत, लगेच दवाखाना गाठायचा:

- पाणी गेलं, मग कळा असोत वा नसोत. ते हिरवट, तपकिरी किंवा वास येणारं असेल तर क्षणभरही थांबू नये.
- अंगावरून रक्त जायला लागलं. चिकट पदार्थात थोडासा लालसरपणा असतो तो वेगळा.
- बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली.
- ताप, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटका किंवा मध्ये उसंतच न देणारी पोटदुखी.
- ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधीच कळा सुरू झाल्या.
- कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या आणि प्रत्येक कळ मिनिटभर टिकायला लागली.
- आधी सिझेरियन झालेलं आहे, जुळं आहे किंवा रक्तदाबाचा त्रास आहे आणि कळा सुरू झाल्या.

यातलं काहीच नाही, पण बाई थकून गेली आहे, पोटात काही टिकत नाही, दिवसभर कळा देऊन पुढे सरकत नाही, असं असेल तरी विचारून घ्यावं. दिलेली तारीख उलटली असेल तर कळांची वाट बघत बसू नये, आधीच दाखवून यावं. महाराष्ट्रात १०२ आणि १०८ या नंबरांवर रुग्णवाहिका मिळते. गावात आशाताई असतात. कोणती गाडी, कोणता दवाखाना, सोबत कोण, हे नववा महिना लागला की ठरवून ठेवावं.

आणि फोनवर सगळं ठीक आहे असं ऐकलं तरी मन मानत नसेल, तर प्रत्यक्ष तपासून घ्यायला जावं. तपासून घरी परत पाठवलं तर त्यात कमीपणा कसला? बायका अशा दोनदा, तीनदाही जाऊन येतात.

शार्लटला डॉक्टरांची कमतरता नव्हती. तीन-चार डॉक्टर एकाच छपराखाली होते. त्यातल्या सिम्सला ती आणि चिमटे दोन्ही हाताशी असताना मध्ये फक्त एक दार होतं. ते वेळेवर कुणी उघडलं नाही.